अब्रुत्सोच्या जत्रा आणि सणवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एकदा पाहून झालं की दुसऱ्या खेपेला लोक विचारतात, "आता जरा खेड्यातलं इटली बघायचंय, कुठे जाऊ?" आमचं उत्तर ठरलेलं: अब्रुत्सो. आणि जायचं तर सण गाठूनच जायचं. त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

अब्रुत्सो नेमकं कुठे आहे?

रोमच्या पूर्वेला. डोंगर ओलांडले की अब्रुत्सो लागतं आणि पलीकडे एड्रियाटिक समुद्रापाशी संपतं. लाक्विला, तेरामो, पेस्कारा आणि क्येती असे चार जिल्हे. ग्रान सास्सो पर्वतातलं कोर्नो ग्रांदे हे शिखर २,९१२ मीटर उंच, मायेल्लातलं मोंते आमारो २,७९३ मीटर. तीन राष्ट्रीय उद्यानं. शतकानुशतकं इथली मुख्य कमाई मेंढ्यांची होती. हे लक्षात ठेवा, कारण इथल्या सणांचं गणित मेंढ्यांशी, शेताशी आणि थंडीशी जुळतं.

इथला सगळ्यात मोठा सण कोणता?

असा एक सण नाही. नाताळ आणि ईस्टर सगळीकडेच असतात, पण अब्रुत्सोच्या माणसाला "तुमचा सण कधी?" असं विचारलं तर तो आपल्या गावाच्या संताची तारीख सांगेल. आपल्याकडे पाडवा-दिवाळी असतेच, तरी गावचा माणूस मुंबईहून सुट्टी काढतो ती ग्रामदैवताच्या जत्रेला. तसंच हे. प्रत्येक गावाला एक रक्षक संत. त्याची मूर्ती वर्षातून एकदा चर्चबाहेर निघते, खांद्यावरून गावभर फिरते. पुढे बँड, मागे गाव, रात्री रोषणाई आणि शोभेची दारू. यात्रा कमिटी असते आणि ती घरोघर वर्गणी मागत फिरते. बँड कुठला आणायचा यावरून वादही होतात.

त्या उत्सवाला "फेस्ता" म्हणतात. गोव्याच्या वाचकांना अर्थ सांगायला नको, तिथलं "फेस्त" पोर्तुगिजांकडून आलेलं, मूळ लॅटिन घराणं एकच. दुसरा शब्द कानावर पडेल तो "साग्रा". साग्रा म्हणजे एखाद्या पदार्थाभोवती किंवा पिकाभोवती भरणारा गावमेळा: मसुरांची साग्रा, हरभऱ्याची साग्रा. फेस्तात देव आधी, जेवण मागून. साग्रात जेवणासाठीच सगळं.

सरकारी सुट्ट्या कोणत्या?

१ आणि ६ जानेवारी, ईस्टरचा रविवार आणि सोमवार, २५ एप्रिल (फॅसिस्ट आणि नाझी सत्तेतून मुक्तीचा दिवस), १ मे, २ जून (प्रजासत्ताक दिन), १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८, २५ आणि २६ डिसेंबर. २०२६पासून ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, पुन्हा यादीत आला आहे. शिवाय प्रत्येक गावाला आपल्या संताच्या दिवशी स्वतःची वेगळी सुट्टी.

आपल्या लोकांची हमखास फसगत होते ती गुड फ्रायडेला. भारतात त्या दिवशी बँका बंद असतात, पोपच्या दाराशी असलेल्या इटलीत मात्र ती सार्वजनिक सुट्टी नाही. मिरवणुका संध्याकाळी निघतात, कारण दिवसा लोक कामावर असतात.

सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला दिवस रजा टाकून जोडून घेतात. त्याला ते "पूल बांधणं" म्हणतात. अशा दिवसांत खेड्यातल्या खोल्या आधीच भरलेल्या असतात.

जानेवारीत काही असतं का? थंडीत जाण्यात अर्थ आहे?

थंडी सोसत असेल तर जरूर जा. १७ जानेवारी हा मठाधिपती संत अंतोनिओचा दिवस. हा गुराढोरांचा राखणदार. चित्रांत त्याच्या पायाशी डुक्कर असतं. त्या दिवशी चर्चसमोर गाई, घोडी, कुत्री, कुणाच्या कडेवरचं मांजर, अशी सगळी आशीर्वादाला येतात. आदल्या रात्री मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. त्यात एकजण संत होतो आणि एकजण त्याला छळणारा सैतान. सैतानाची भूमिका करायला तरुणांत जास्त चढाओढ, हे सांगायला नकोच.

बघण्यासारखी रात्र १६ जानेवारीची, क्येती जिल्ह्यातल्या फारा फिलिओरुम पेत्री या गावी. तिथे प्रत्येक वाडीचे लोक बोरूचे भारे बांधून प्रचंड खांब तयार करतात. त्यांना "फार्क्ये" म्हणतात. आठ-दहा मीटर उंच, कवेत न मावणारे, विलोच्या लालसर फांद्यांनी आवळलेले. वाजतगाजत ते संताच्या चर्चसमोर आणतात, उभे करतात आणि शेंड्याला आग लावतात. आपली होळी खालून पेटते, ही वरून. गावची कथा अशी की १७९९ साली फ्रेंच सैन्य गावावर चालून आलं, तेव्हा संत अंतोनिओ सेनापतीच्या वेषात आडवा आला आणि रानातली ओकची झाडं ज्वाळा होऊन उभी राहिली. सैन्य परतलं.

त्याच रात्री विल्लावाल्लेलोंगा या डोंगरगावात "पानार्दा" असते: रात्रभर चालणारी, पदार्थांमागून पदार्थ येत राहणारी पंगत. नको म्हणणं हा यजमानाचा अपमान समजतात. आग्रहाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनाही बरोबरीचं कुणी भेटेल.

सापांची मिरवणूक खरी असते का? साप विषारी असतात का?

खरी. साप जिवंत, पण बिनविषारी. गाव कोकुल्लो, तारीख १ मे. पूर्वी हा उत्सव मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी असायचा, पुढे १ मे ठरला. वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास, पण त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

संत दोमेनिको हा दहाव्या-अकराव्या शतकातला भटका साधू, मृत्यू १०३१ सालचा. सर्पदंश, दातदुखी आणि पिसाळलेल्या जनावरांपासून तो राखतो अशी श्रद्धा. कोकुल्लोत त्याचा एक दात आणि त्याच्या खेचराचा नाल जपून ठेवला आहे. मार्चच्या अखेरीला, बर्फ वितळून साप उन्हाला येऊ लागले की गावातले "सेर्पारी" म्हणजे सापवाले डोंगरात निघतात. पकडतात त्या चार जाती, त्यांतला चेर्वोने हा दोन मीटरपर्यंत वाढणारा, दिसायला दांडगा आणि स्वभावाने गरीब.

उत्सवाच्या सकाळी लोक चर्चमध्ये घंटेची साखळी दातात धरून ओढतात, वर्षभर दात दुखू नयेत म्हणून. वेदीमागच्या कपारीतली माती पुडीत बांधून नेतात आणि घराभोवती, शेतात टाकतात. दुपारी बाराच्या सुमाराला मूर्ती बाहेर येते, दारातच सेर्पारी तिच्या अंगाखांद्यावर साप सोडतात. साप कुठल्या बाजूला वळतात, डोळ्यांवर येतात का, यावरून वर्ष कसं जाईल याचे अंदाज बांधतात. मूर्तीबरोबर पारंपरिक वेषातल्या मुली डोक्यावर गोड कड्यांच्या पावाच्या टोपल्या घेऊन चालतात.

जाणकार या उत्सवामागे अँजित्सिया नावाची फार जुनी देवता पाहतात. ख्रिस्ती धर्म येण्याआधी या भागात मार्सी लोक राहत, ती त्यांची सापांची आणि औषधींची देवता. देव बदलला, साप तेच राहिले.

इथे प्रत्येक मराठी माणसाला बत्तीस शिराळा आठवतं. आठवावंच. पण फरकही बघा. शिराळ्यात नाग, म्हणजे जहाल विषारी. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे तिथली जिवंत नागांची मिरवणूक थांबली. कोकुल्लोतही साप कायद्याने संरक्षित आहेत, तिथे परवानगी घेऊन पकडतात. सर्पतज्ज्ञ गावात येऊन प्रत्येक साप मोजतात, तपासतात आणि उत्सवानंतर जिथून आणला तिथेच सोडायला लावतात. अभ्यासकांना वर्षानुवर्षांच्या नोंदी मिळतात, गावाला उत्सव मिळतो. शिराळ्याचा प्रश्न एवढ्याने सुटेल असं मुळीच म्हणायचं नाही, नाग तो नागच. पण ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे.

साप हातात घ्यायचा असेल तर सेर्पारीला विचारा, तो स्वतः गळ्यात घालून देतो. सेल्फीसाठी ओढाताण करू नका.

ईस्टरला कुठे जावं?

सुल्मोनाला. रविवारी सकाळी गारिबाल्दी चौकात साडेअकरापर्यंत पोचा, उशीर झाला तर फक्त माणसांच्या टाळू दिसतील.

घडतं ते असं. येशू पुन्हा उठला आहे, पण मारिया माता शोकात चर्चचं दार लावून बसली आहे. योहान आणि पेत्र या शिष्यांच्या मूर्ती निरोप घेऊन जातात, दार ठोठावतात. ती विश्वास ठेवत नाही. तिसऱ्या खेपेला दार उघडतं. काळ्या झग्यातली मूर्ती हळूहळू बाहेर येते, चौकाच्या मध्याजवळ येताच समोर मुलगा दिसतो आणि मूर्ती धावत सुटते. म्हणजे खांदेकरी तिला घेऊन पळत सुटतात. पळता पळता काळा झगा गळून पडतो, आत हिरवं वस्त्र, हातातल्या रुमालाच्या जागी लाल गुलाब. कबुतरं उडतात, बार उडतात, बँड सुरू होतो. झगा नीट गळाला तर वर्ष चांगलं. अडकला तर गावात दिवसभर दुसरा विषय नसतो. सगळा प्रकार काही सेकंदांचा, पण बाजूची म्हातारी माणसं डोळे पुसताना दिसतात. ती वर्षानुवर्षं हेच बघत आली आहेत, शेवट त्यांना ठाऊक असतो.

दोन दिवस आधी, शुक्रवारी, क्येतीची मिरवणूक गाठता आली तर बघा. तिथे शंभराहून अधिक व्हायोलिनांच्या साथीने साव्हेरिओ सेलेक्की या अठराव्या शतकातल्या स्थानिक संगीतकाराचं "मिझेरेरे" हे पश्चात्तापाचं स्तोत्र गात लोक अंधाऱ्या गल्ल्यांतून जातात. सुल्मोनातही शुक्रवारची मिरवणूक असते, लाल झग्यातले गायक पाय घासत अगदी संथ झुलत चालतात. वारीची पावली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही लय ओळखीची वाटेल. फक्त इथे आनंद नाही, दुखवटा आहे.

ईस्टर २०२७मध्ये २८ मार्चला, २०२८मध्ये १६ एप्रिलला. सोमवारी "पास्क्वेत्ता", सगळा देश डबे घेऊन रानात जेवायला जातो.

गुडघे टेकणारा बैल म्हणजे काय?

लोरेतो अप्रुतीनो या गावचा पांढरा बैल. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी (ईस्टरनंतर पन्नासावा दिवस), त्याला झुली आणि रंगीत फिती लावून सजवतात, पाठीवर देवदूताच्या वेषातलं लहान मूल छत्री घेऊन बसतं आणि संत त्सोपीतोच्या मूर्तीसमोर बैल गुडघे टेकतो. कथा अशी की संताच्या अस्थी रोमहून गावात येत होत्या, तेव्हा शेजारच्या शेतात नांगरणारा शेतकरी काम थांबवेना. त्याचा बैल मात्र आपण होऊन खाली बसला. माणसाला कळलं नाही ते बैलाला कळलं.

बैलाला महिनोन्महिने शिकवतात, यात लपवाछपवी नाही. गुबुगुबु करणारा नंदीबैल दारावर पाहिलेल्यांना त्या शिकवण्यामागची मेहनत समजेल.

१ मे रोजी तेरामोत म्हणे काहीतरी खास शिजतं?

"ले विर्तू". हिवाळा संपताना डब्यांच्या तळाशी उरलेली कडधान्यं, निरनिराळ्या पास्त्याचा चुरा, डुकराच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे आणि मळ्यातल्या नव्या कोवळ्या भाज्या, हे सगळं वेगवेगळं शिजवून शेवटी एका भांड्यात. दोन-तीन दिवसांचं काम. सातचा आकडा पाळायचा असतो: सात कडधान्यं, सात भाज्या. आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीची चुलत बहीण म्हणा, फक्त ही मांसाहारी आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात आणि कुणाची चांगली यावर बोलणं होतं.

कोकुल्लो आणि तेरामो एकाच दिवशी जमवू नका. मध्ये ग्रान सास्सो आहे, दोन्हीकडे धावपळच होईल.

ऑगस्टमध्ये सगळं बंद असतं असं ऐकलंय.

शहरं बंद असतात, खेडी जागी होतात. १५ ऑगस्टच्या "फेर्रागोस्तो"भोवती रोम-मिलान ओस पडतात आणि डोंगरातल्या गावांत, जिथे हिवाळ्यात चार धुराडी पेटतात, तिथे मुलं रात्री बारापर्यंत चौकात खेळताना दिसतात. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, तसे हे लोक घरी येतात: रोमहून, बेल्जियमहून, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियाहून. विसाव्या शतकात अब्रुत्सोतून लाखो माणसं बाहेर गेली. ८ ऑगस्ट १९५६ला बेल्जियमच्या मार्सिनेल खाणीत २६२ माणसं मेली, त्यांतली १३६ इटालियन होती आणि त्यांतही बरीच या डोंगरांतली. म्हणून अनेक गावांत ऑगस्टच्या जल्लोषात एक दिवस शांततेचा असतो.

बहुतेक साग्रा याच महिन्यात. लांब बाकं, कागदी ताटल्या, रांगेत उभं राहून कूपन घ्यायचं. नंतर अकॉर्डियन आणि नाच. पाहुणा म्हणून गेलात तर गर्दी आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही. मधला मार्ग नाही.

लाक्विलाची "क्षमेची जत्रा" म्हणजे काय?

पेर्दोनान्त्सा, २८ आणि २९ ऑगस्ट. पिएत्रो नावाचा डोंगरात राहणारा वृद्ध तपस्वी १२९४ साली पोप म्हणून निवडला गेला. २९ ऑगस्टला लाक्विलाच्या कोल्लेमाज्जो बॅसिलिकात त्याचा राज्याभिषेक झाला, नाव पाचवा चेलेस्तीनो. त्याने एक फर्मान काढलं: दरवर्षी या दिवशी जो मनापासून पश्चात्ताप करून या दारातून आत येईल त्याला क्षमा, श्रीमंत असो की भिकारी, एक पैसा न घेता. रोममधलं पहिलं जुबिली वर्ष, म्हणजे पापक्षमेचं पवित्र वर्ष, १३०० सालचं, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. डिसेंबरमध्ये त्याने पोपपद सोडून दिलं. फर्मान मात्र शहराने आजवर सांभाळलं आहे.

६ एप्रिल २००९च्या भूकंपात लाक्विला उद्ध्वस्त झालं, ३०९ माणसं गेली. त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट इथे आले आणि चेलेस्तीनोच्या अवशेषांवर आपलं पवित्र वस्त्र ठेवून गेले. चार वर्षांनी त्यांनीही पद सोडलं, तेव्हा लोकांना ती भेट आठवली. २०२२मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्वतः इथलं पवित्र दार उघडलं. २०१९पासून हा उत्सव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मिरवणुकीतले मध्ययुगीन पोशाख थोडे नाटकी वाटतात, पण दार उघडतानाची शांतता खरी असते.

पावसाळ्यानंतर धनगर कोकणात उतरतात, तसं तिथेही काही आहे म्हणतात?

होतं, आणि थोडंफार अजून आहे. सप्टेंबरअखेर थंडी उतरू लागली की मेंढपाळ कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या मैदानात जायचे आणि मे महिन्यात परत यायचे. त्यासाठी गवताचे राजरस्ते राखलेले असत, "त्रात्तूरी", १११ मीटर रुंद. लाक्विला ते फोज्जा हा सगळ्यात मोठा, २४४ किलोमीटर. पुरुष आठ महिने बाहेर असायचे. त्यामुळे कित्येक गावांचे सण मे आणि सप्टेंबरच्या आसपास गोळा झाले आहेत, माणसं घरी असताना. हे स्थलांतरही २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आज कळप बहुतेक ट्रकमधून जातात.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पाचेंत्रोत तरुण अनवाणी डोंगरावरून काट्याकुट्यांतून पळत उतरतात, ओढा ओलांडून पुन्हा चढत थेट चर्चमध्ये वेदीपुढे जाऊन पडतात. पाय रक्तबंबाळ. बक्षीस काय, तर सुटाचं कापड. (पॉप गायिका मॅडोनाचं मूळ गाव हेच.) ऑक्टोबरअखेर नावेल्लीच्या पठारावर केशर खुडतात, सूर्य उगवण्याआधी, फूल मिटलेलं असताना. १० नोव्हेंबरला स्कान्नोच्या डोंगरांवर संत मार्तीनोसाठी मोठ्या होळ्या पेटतात, आणि नवी वाइन उघडते.

नाताळ कसा असतो?

घरातला असतो. २४ तारखेला मासे, २५ला मांस आणि दुपारभर जेवण. गोडात "काज्जोनेत्ती": चेस्टनट किंवा हरभऱ्याचं सारण भरून तळलेल्या करंज्या. हरभऱ्याच्या पुरणाची करंजी इटलीत भेटते, यावर घरी कुणी विश्वास ठेवत नाही.

बाहेर बघायचं तर तीन गोष्टी. ८ डिसेंबरच्या पहाटे आत्रीत बोरूच्या पेटत्या मोळ्या घेऊन निघणारी मिरवणूक. २३ डिसेंबरला लांचानोत संध्याकाळी तासभर वाजणारी "स्क्विल्ला" ही घंटा. ती वाजत असताना घरची सगळी माणसं एकत्र जमतात, धाकटे थोरल्यांच्या हाताचं चुंबन घेतात, भांडणं मिटवतात. पर्यटकाला यात दिसण्यासारखं फारसं काही नाही, पण बंद खिडक्यांमागे काय चाललंय हे माहीत असलं की तीच गल्ली वेगळी वाटते. आणि ५ जानेवारीला रिविसोंदोलीत, बहुधा बर्फातच, गावकऱ्यांनी उभा केलेला येशूजन्माचा जिवंत देखावा, १९५१पासून चालत आलेला. त्याच रात्री बेफाना नावाची झाडूवाली म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ टाकते आणि ६ तारखेला सणांचा हंगाम आटोपतो.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

उपाशी राहणार नाही, पण जत्रेत हाल होतील. जत्रेचा वास म्हणजे "अर्रोस्तिचीनी", काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे. तुमच्यासाठी पेकोरीनो चीज, मसुराचं किंवा हरभऱ्याचं सूप, वालाच्या जातीच्या दाण्यांबरोबर पास्ता आणि तळलेली पिठाची पोळी. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, पिठात आणि गोडात डुकराची चरबी असू शकते. "सेंत्सा स्त्रुत्तो", म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. "पाल्लोत्ते" हे चीजचे वडे मांसाविना असतात, पण त्यांत अंडं असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी शिदोरी बरोबर ठेवावी. सुल्मोनाचा लाल लसूण प्रसिद्ध आहे आणि तो सगळीकडे आहे.

पोचायचं कसं?

रोमहून पेस्कारा, लाक्विला, सुल्मोना इथे बस जातात. त्यापुढे खेड्यांसाठी भाड्याची गाडी घ्या. बसच्या वेळापत्रकात "फेरिआले" म्हणजे कामाचे दिवस आणि "फेस्तीवो" म्हणजे सुट्टीचे. तुम्ही जाणार सणाला, म्हणजे नेमक्या त्याच दिवशी बस नसणार.

तारखा आणि वेळा निघण्याआधी त्या गावाच्या नगरपालिकेच्या पानावर तपासा. पाऊस आला तर मूर्ती बाहेर निघत नाही, आणि ते ऐनवेळी ठरतं. अशा वेळी गावाबरोबर चर्चच्या ओसरीत उभं राहायचं आणि आभाळाकडे बघायचं.